गाडी चुकली तर… आणि चुकली असती तर



या खेपेला लोणच्याच्या फोडी आणि स्वेटरचे टाके बाजूला ठेवून आपण इंग्रजीची वही उघडणार आहोत. घाबरू नका हं! परीक्षा कुणाचीच घ्यायची नाही. पण चुडाव्याहून आलेले एक पत्र गेला आठवडाभर माझ्या टेबलावर पडून आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला दुसरे काही सुचणार नाही.

चुडावा हे परभणी जिल्ह्यातले गाव. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की वाटेत लागते ते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने ‘माझे नाव छापू नका’ म्हणून बजावले आहे, तेव्हा नाव देत नाही. मजकूर मात्र तिचाच, थोडा आटोपता करून देते.

‘ताई, सप्रेम नमस्कार. माझी मोठी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यमाला. रोज सकाळच्या गाडीने पूर्णेला शाळेत जाते. मागच्या आठवड्यात सरांनी एक वाक्य इंग्रजीत करायला दिले होते. “गाडी चुकली तर मी ऑटोने जाईन.” तिने लिहिले, “इफ द ट्रेन मिस्ड, आय विल गो बाय ऑटो.” सरांनी लाल रेघ मारली. मग तिने “इफ द ट्रेन विल मिस” असे केले. पुन्हा लाल रेघ. घरी येऊन लेकरू रडायलं. मी वही हातात घेतली तर म्हणाली, “आई, राहू दे, तुला काय कळतंय त्यातलं.” खरं सांगते ताई, तिने रागाने म्हटले असते तर मला एवढे लागले नसते. पण तिने अगदी साधेपणाने म्हटले. हे म्हणतात, नांदेडला क्लास लावू. क्लास लावला तर फी आली, जाण्यायेण्याचा खर्च आला, आणि पोरगी घरी यायला रात्र होईल. मला इंग्रजी येत असते तर मीच तिला शिकवले असते. दहावीनंतर मी शिकले असते तर आज ही वेळ आली नसती. या जर-तरच्या वाक्यांचे नेमके काय आहे, ते माझ्यासारखीला कळेल असे सांगाल का?’

पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि मी काही वाक्यांखाली रेघा ओढल्या. लाल नव्हेत बरं का, साध्या! त्या रेघा कशासाठी ते शेवटी सांगेन. आधी तिच्या मुलीचे वाक्य पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी

‘तुला काय कळतंय’ हे वाक्य मराठवाड्यातल्या आयांना नवे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारी उर्दू चाले. हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जाई. आपल्या आजेसासूबाईंच्या पिढीत शाळेत गेलेली बाई विरळा, आणि गेलेल्या मुलग्यांच्या हातीही उर्दूचेच पुस्तक. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. मराठी शाळा वाढल्या, पण इंग्रजी बराच काळ पाचवीपासून सुरू व्हायचे. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० सालच्या जूनपासून. म्हणजे आजच्या नववीतल्या मुलीची आई बहुधा पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली, आणि मुलगी पहिलीपासून. आई मागे पडली यात तिचा दोष कोणता?

आणि दुसरी गोष्ट. इंग्रजी मराठीतून शिकता येत नाही, असा एक समज हल्ली फार झाला आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आपल्याकडच्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! मराठी वाक्य घ्यायचे, इंग्रजी करायचे. इंग्रजी घ्यायचे, मराठी करायचे. जर-तरच्या वाक्यांना तर ही रीत फारच कामाची, कारण मुले चुकतात तीच मुळी मराठीमुळे. आणि मराठी आपल्याला येते! मग चूक कुठून आली ते आईइतके कोण ओळखील?

एका वाक्यात दोन चुका

‘इफ द ट्रेन मिस्ड.’ यातली पहिली चूक जर-तरची नाहीच. मराठीत गाडी ‘चुकते’. चुकणारी गाडी, आपण बिचाऱ्या फलाटावर उभ्या! इंग्रजीत मात्र चुकवणारा माणूस. ‘आय मिस द ट्रेन’, म्हणजे मी गाडी चुकवते. म्हणून ‘द ट्रेन’ने सुरुवात केली की वाक्य तिथेच रुळावरून घसरले. सरांची रेघ याही शब्दाखाली होती का, ते वहीत पाहून घ्या. पुष्कळदा मुले रेघ पाहतात, पण ती नेमकी कशाखाली आहे ते पाहत नाहीत.

दुसरी चूक काळाची. आणि इथे मुलीच्या बाजूने सांगायला हवे, की तिने डोके चालवले होते. ‘चुकली’ हे मराठीत भूतकाळाचे रूप. ‘काल गाडी चुकली’ म्हणतो ना आपण? म्हणून तिने ‘मिस्ड’ लिहिले. रेघ आल्यावर तिला वाटले, गोष्ट तर उद्याची आहे, मग भविष्यकाळ हवा. म्हणून ‘विल मिस’ लिहिले. दोन्ही वेळा तर्क बरोबर, उत्तर चूक. अशा वेळी मूल रडते ते आळशी असते म्हणून रडत नाही. दोन्ही दारे ठोठावून झाली आणि तिसरे दिसत नाही, म्हणून रडते.

तिसरे दार हे: ‘इफ आय मिस द ट्रेन, आय विल गो बाय ऑटो.’ इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ, आणि ‘विल’ फक्त दुसऱ्या बाजूला.

पायऱ्यांचा नियम

आता हे लक्षात कसे ठेवायचे? जुन्या घराच्या ओट्याला तीन-चार पायऱ्या असतात ना, त्या डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत वरची पायरी भविष्यकाळ, तिच्याखाली वर्तमानकाळ, तिच्याखाली भूतकाळ, आणि अगदी तळाशी ‘हॅड’वाला पूर्ण भूतकाळ. ‘इफ’ हा शब्द आला, की इंग्रजी माणूस एक पायरी खाली उतरतो.

गोष्ट उद्याची आणि घडण्यासारखी असली, तर भविष्याऐवजी वर्तमान: ‘इफ आय मिस’.

गोष्ट आजची, पण खरी नसलेली असली, तर वर्तमानाऐवजी भूत: ‘इफ आय न्यू इंग्लिश’. मला इंग्रजी येत असते तर. येत नाही, हे त्यातच आले.

गोष्ट होऊन गेलेली, आणि तशी घडलीच नाही, तर भूताऐवजी पूर्ण भूत: ‘इफ आय हॅड मिस्ड द ट्रेन’. गाडी चुकली असती तर. चुकली नाही, देवाची कृपा.

दर वेळी एकच पायरी. आणि ‘तर’च्या बाजूला अनुक्रमे काय येते? ‘विल’, ‘वुड’, आणि ‘वुड हॅव’. झाले!

आता मराठी काय करते पाहा. उद्याच्या गोष्टीला आपण ‘चुकली तर’ म्हणतो. म्हणजे भविष्यावरून थेट भूतकाळावर, एकदम दोन पायऱ्या! इंग्रजी एक उतरते, मराठी दोन. मुलीचा पाय घसरला तो नेमका इथे. आणि घोटाळा एवढ्यावर थांबत नाही. तिने ‘द ट्रेन’ काढून ‘इफ आय मिस्ड द ट्रेन टुमॉरो’ लिहिले असते, तर इंग्रजी वाचणाऱ्याला वेगळाच अर्थ लागला असता. ‘गाडी काही चुकायची नाही, पण समजा चुकलीच’, असा. म्हणजे तेच भूतकाळाचे रूप मराठीत शक्यता दाखवते आणि इंग्रजीत शक्यता पुसून टाकते. एवढे एक मर्म कळले तरी निम्मा धडा झाला म्हणा.

आपल्याकडे कधी भविष्याचे रूपही ‘तर’च्या आधी येते. ‘तिकडे जाशील तर मार खाशील.’ ‘काकू घरी असेल तर वाटी देऊन ये.’ आपली म्हण नाही का, असतील शिते तर जमतील भुते. तिथेही इंग्रजी आपली एकच पायरी उतरते. ‘असेल तर’ला ‘इफ शी विल बी’ नव्हे, ‘इफ शी इज ॲट होम’. इंग्रजी बोलताना ‘कृपा करून जरा थांबाल तर’ अशा अर्थाने इफपुढे ‘विल’ कधी कधी येते, पण ते आर्जवाचे बोलणे. शाळेच्या वहीत मुलीने आधी नियम पक्का करावा.

स्वयंपाकघरातली तीन वाक्ये

उदाहरणांसाठी पुस्तक शोधू नका. ओट्याजवळ उभ्या राहा.

‘गरम दुधात लिंबू पिळले तर दूध नासते.’ ही कधीही, कुणाच्याही घरी खरी असलेली गोष्ट. ‘इफ यू ॲड लेमन ज्यूस टू हॉट मिल्क, इट कर्डल्स.’ अशा नेहमीच खऱ्या गोष्टीला दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ, ‘विल’ची गरज नाही. ओळखायची खूण अशी, की ‘तर’च्या जागी ‘जेव्हा जेव्हा… तेव्हा तेव्हा’ घालून पाहा. वाक्य बसले की हा प्रकार.

‘दूध उतू गेले तर मी तुला रागावेन.’ ही आत्ताची, घडण्यासारखी गोष्ट. ‘इफ द मिल्क बॉइल्स ओव्हर, आय विल स्कोल्ड यू.’ इथे ‘बॉइल्स’चा ‘स’ विसरायचा नाही. दूध एकच ना?

‘तू गॅस बारीक केला असतास तर दूध उतू गेले नसते.’ गेले आता, ओटा पुसा! ‘इफ यू हॅड लोअर्ड द फ्लेम, द मिल्क वुड नॉट हॅव बॉइल्ड ओव्हर.’

राहिली कल्पनेची गोष्ट. तिला आपली आत्याबाई आहेच. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते. ‘इफ माय आंट हॅड अ मुस्टॅश, आय वुड कॉल हर अंकल.’ मिशा नाहीत, आज नाहीत, म्हणून वर्तमानावरून एक पायरी खाली, ‘हॅड’. मुलीला हे वाक्य सांगा. एकदा हसली की जन्मात विसरणार नाही. याच प्रकारात ‘मी तुझ्या जागी असते तर’ येते, ‘इफ आय वेअर यू’. एरवी ‘आय’पुढे ‘वॉज’ येतो, पण या कल्पनेच्या वाक्यात ‘वेअर’ लिहायची रीत आहे. बोलताना पुष्कळ जण ‘वॉज’ही म्हणतात, तरी परीक्षेत ‘वेअर’च बरा.

दोन प्रश्न विचारा

एक अडचण मात्र खरी आहे. ‘मला वेळ असता तर मी आले असते’ हे मराठी वाक्य आजच्या हळदीकुंकवाबद्दलही म्हणता येते आणि कालच्या बारशाबद्दलही. आपल्या भाषेत ‘असता-असते’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. आपल्या व्याकरणकारांनी याला संकेतार्थ असे नाव दिले आहे. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या शास्त्रीय मराठी व्याकरणात क्रियापदाच्या अर्थांची ही चर्चा चांगली विस्ताराने आहे. आपले भागते एका रूपात, पण इंग्रजी विचारते, ‘आजचे की कालचे? नक्की सांगा.’

म्हणून मुलीला भाषांतर करण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावा. दोन्ही मराठीतूनच.

पहिला: ही गोष्ट अजून घडू शकते का? ‘हो’ म्हटले की ‘इफ’पुढे वर्तमान आणि पलीकडे ‘विल’. पुढे जायचे कारण नाही.

‘नाही’ म्हटले की दुसरा प्रश्न: नाही ते आजचे, की होऊन गेलेले? आजचे असेल तर भूतकाळ आणि ‘वुड’. गेलेले असेल तर ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’.

हे प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

‘जर’ आणि ‘इफ’

आणखी एक गंमत. आपण बोलताना ‘जर’ बहुधा गाळतो, पण ‘तर’ गाळून चालत नाही. ‘पाऊस आला तर कपडे काढ’, असे म्हणतो. ‘जर’ कुठे आहे? इंग्रजीत नेमके उलट. ‘इफ’ ठेवावाच लागतो आणि ‘तर’चा ‘देन’ बहुधा नसतो. मुले एकतर ‘इफ’ खातात, नाहीतर हट्टाने ‘देन’ घालतात. ‘देन’ घातला म्हणून वाक्य चुकत नाही, पण दर वाक्यात घातला की भाजीत दोनदा मीठ पडल्यासारखे लागते.

आणि स्वल्पविराम. ‘इफ’चा भाग आधी आला, तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा. ‘इफ’ नंतर आला, तर सहसा द्यायचा नाही. ‘मी येईन, गाडी मिळाली तर’ असे आपणही बोलतोच की. ‘आय विल कम इफ आय गेट द ट्रेन.’

‘अनलेस’ने मला कसे फसवले

आता थोडे माझे सांगते. काही वर्षांपूर्वी मी मिक्सर घेतला. त्याच्या वॉरंटी कार्डावर एक ओळ होती: ‘दिस वॉरंटी शॅल नॉट बी व्हॅलिड अनलेस द कार्ड इज स्टॅम्प्ड बाय द डीलर.’ मी वाचली, समजल्यासारखी मान हलवली आणि कार्ड कपाटात ठेवून दिले. आठ महिन्यांनी मोटर जळली. दुकानात गेले तर म्हणाले, ‘बाई, यावर आमचा शिक्का नाही.’ तेव्हा ती ओळ पुन्हा वाचली. डीलरचा शिक्का असल्याशिवाय ही हमी चालणार नाही! वाक्यात ‘नाही’ दोनदा होते. एक उघड, ‘नॉट’मध्ये. दुसरे ‘अनलेस’च्या पोटात. मी उघड तेवढे वाचले. मोटरचे पैसे पदरचे गेले, आणि दुकानदाराशी भांडायचीही सोय राहिली नाही, कारण ओळ माझ्याच हातात होती.

तेव्हापासून ‘अनलेस’ दिसले की मी मनात ‘…शिवाय’ म्हणते. आपली म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. ‘अनलेस द चाइल्ड क्राइज, द मदर डज नॉट फीड इट.’ ‘अनलेस’च्या बाजूला पुन्हा ‘नॉट’ घालायचा नाही, कारण तो आधीच आत बसलेला आहे. हीच चूक मुले वाक्यरूपांतरात करतात. ‘इफ यू डू नॉट गेट अप अर्ली, यू विल मिस द ट्रेन’ याचे ‘अनलेस’ घालून करायचे, तर ‘अनलेस यू गेट अप अर्ली, यू विल मिस द ट्रेन’. ‘डू नॉट’ गेला. आणि ‘लवकर ऊठ, नाहीतर गाडी चुकेल’ म्हणायचे तर ‘गेट अप अर्ली, ऑर यू विल मिस द ट्रेन’. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी, यातला ‘नाही तर’ म्हणजे हाच ‘ऑर’ किंवा ‘अदरवाइज’.

हे सगळे केवळ नववीच्या पेपरासाठी आहे असे समजू नका. घरात नजर फिरवा. खोकल्याच्या औषधावर ‘इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट, कन्सल्ट युअर डॉक्टर’, त्रास तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. बाटलीच्या झाकणावर ‘डू नॉट यूज इफ सील इज ब्रोकन’, सील तुटलेले असेल तर वापरू नका. विम्याच्या कागदावर हप्ता मुदतीत भरला नाही तर काय होईल, तेही अशाच एका ‘इफ’मागे लिहिलेले असते. अशा कागदांवरची खरी गोम बहुधा ‘इफ’ आणि ‘अनलेस’च्या आसपास असते. सही करण्याआधी हे दोन शब्द तेवढे बोटाने शोधा. कुणाला विचारावे लागले तरी चालेल, पण विचारायचे कोणत्या ओळीबद्दल ते आपल्याला ठाऊक असावे.

आता चुडाव्याच्या भगिनीला

बाई गं, तुझ्या पत्रात मी पेन्सिलीने रेघा ओढल्या म्हणाले ना, त्या कुठे ते सांगते.

‘क्लास लावला तर रात्र होईल.’ हा पहिला प्रकार, घडण्यासारखे. इफच्या बाजूला वर्तमान, पलीकडे ‘विल’.

‘मला इंग्रजी येत असते तर मीच तिला शिकवले असते.’ हा दुसरा, आज नसलेले. ‘इफ आय न्यू इंग्लिश, आय वुड टीच हर.’

‘तिने रागाने म्हटले असते तर मला एवढे लागले नसते.’ हा तिसरा, होऊन गेलेले. ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’.

आणि ‘दहावीनंतर मी शिकले असते तर आज ही वेळ आली नसती.’ हे तर वरच्या वर्गातले वाक्य. ‘जर’ची बाजू तेव्हाची आणि ‘तर’ची बाजू आजची. इंग्रजीत अशा वेळी इफकडे ‘हॅड’ येतो आणि पलीकडे नुसता ‘वुड’. म्हणजे ‘इफ आय हॅड स्टडीड आफ्टर द टेन्थ, आय वुड नॉट बी इन धिस पोझिशन टुडे.’ मुले इथे हटकून अडखळतात. तू सरळ लिहून गेलीस, आणि ‘आज’ हा शब्दही जिथे हवा तिथेच घातलास.

तेव्हा ‘मला कळत नाही’ हे तू काढून टाक. अर्थ तुला कळतो. शब्द मुलीला येतात. दोघींनी आपापले आणले तर वाक्य होते.

असे कर. भाकरी थापताना तिला जवळ बसव. रोज तीन वाक्ये मराठीत तू सांग, तुझ्या घरातलीच. तिने इंग्रजी करावीत, मोठ्याने. तू दोन प्रश्न विचारायचे, आणि मग फक्त कान द्यायचा. ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ ऐकू आला की थांबवायचे. पलीकडे ‘वुड’ हवा तिथे ‘विल’ आला की थांबवायचे. ‘अनलेस’जवळ ‘नॉट’ आला की थांबवायचे. एवढी राखण तुला सहज जमेल. येत नसलेले येते असे मात्र दाखवू नकोस. ‘मलाही बघायचंय गं हे, सांग बरं’ म्हण. मुलींना आईला शिकवायला फार आवडते, आणि शिकवताना त्यांचे त्यांनाच पक्के होते. मोबाइल उत्तर देईल, पण चूक कशी झाली ते ओट्याजवळच कळेल.

क्लास वाईट असे मी म्हणत नाही. पंधरा दिवस हे करून पाहा. नंतर एकदा शाळेत जाऊन सरांना भेट आणि ‘माझी मुलगी नेमकी कुठे चुकते?’ एवढे विचार. एवढ्याने भागले नाही, तर क्लासचा विचार यांच्याशी बोलून करा. पण तेव्हा तो काळजीतून केलेला नसेल, गरज पाहून केलेला असेल.

बाकीच्या मैत्रिणींसाठी, वहीत उतरवून घ्यायला:

१. नेहमीच खरे: दुधात लिंबू पिळले तर नासते. दोन्ही बाजूंना वर्तमान.

२. घडण्यासारखे: गाडी चुकली तर. ‘इफ आय मिस’, पलीकडे ‘विल’.

३. आज नसलेले: मला येत असते तर. ‘इफ आय न्यू’, पलीकडे ‘वुड’.

४. होऊन गेलेले: गाडी चुकली असती तर. ‘इफ आय हॅड मिस्ड’, पलीकडे ‘वुड हॅव’.

५. ‘अनलेस’ म्हणजे ‘…शिवाय’. जवळ ‘नॉट’ नको.

हा कागद फ्रीजवर नाहीतर पिठाच्या डब्यामागे चिकटवा. आणि आपल्या घरची जर-तरची तीन वाक्ये, मुलांनी केलेल्या इंग्रजीसकट, मला पाठवा. चुकलेली पाठवलीत तर अधिक आनंद होईल, कारण पुढच्या खेपेचा धडा त्यांतूनच निघेल.

चुडाव्याच्या भगिनी, पहिले पत्र तुझे यायला हवे हं. या वेळी मुलीच्या हातचे दोन शब्द खाली असू देत.